चौथा चौकोन

उमरखेडच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला माणूस किंवा अडलेली बाळंतीण आली, की नाडी-बीपी बघून होण्याआधीच नातेवाइकांचा प्रश्न येतो : "साहेब, नांदेडला नेऊ का यवतमाळला?" जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ, पण जवळ नांदेड. नागपूर-तुळजापूर महामार्गाने पैनगंगा ओलांडली की हदगाव, म्हणजे मराठवाडा सुरू. दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्हीकडे खासगी आयसीयू आहेत, आणि निर्णय घ्यायला डॉक्टरच्या हातात जेमतेम काही मिनिटे असतात. केसपेपरवर 'वरच्या रुग्णालयात रेफर' अशी ओळ पडते, १०८ ची रुग्णवाहिका निघते, कॉट मोकळी होते. वैद्यकीय नीतिशास्त्र शिकायला घेतलेल्या डॉक्टरला किंवा सिस्टरला हीच ओळ टोचू लागते. वरच्या म्हणजे कुठल्या? तिथे व्हेंटिलेटर मोकळा आहे का, हे फोन करून विचारले का? वाटेत काही होऊ शकते, हे घरच्यांना कुणी सांगितले? आणि खासगीत पाठवत असू, तर नेमके तेच रुग्णालय का?

शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असते आणि चारचौघांत कुणी उच्चारत नाही : कट. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारे कमिशन. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत ते घेणे आणि देणे दोन्ही निषिद्ध आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा झाला, कायदा झाला नाही. या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिणाऱ्यांत डॉ. अरुण गद्रे यांचे नाव घ्यावे लागेल. लासलगावसारख्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काढल्यावर त्यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' लिहिले. त्यात बोलणारे कुणी तत्त्वचिंतक नाहीत, रोज ओपीडी काढणारे डॉक्टर आहेत. मला तर वाटते, हा विषय शिकण्याचे खरे वय कॉलेजातले नाहीच. प्रॅक्टिसची आठ-दहा वर्षे उलटल्यावर, स्वतःच्या काही केसेस रात्री आठवू लागल्यावर ते वय येते.

कॉलेजात तो शिकवलाही जात नव्हता, हे वेगळे सांगायला नको. जुन्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात एक प्रकरण असे : नोंदणी, गैरवर्तन, संमती, गुपित. परीक्षेला चार गुणांचा प्रश्न. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे वेगळे तास एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून सुरू झाले ते २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून. म्हणजे आज तालुक्याच्या रुग्णालयात जे जे चाळिशी-पन्नाशीचे डॉक्टर आहेत, त्यांतल्या कुणीही हे तास केलेले नाहीत. नर्सिंगची आचारसंहिता आहे, पण रात्रपाळीच्या सिस्टरला ती कुणी वाचून दाखवलेली नसते. आशाताईंच्या प्रशिक्षणात तर लसी, रजिस्टरे आणि अ‍ॅप यांतच वेळ सरतो. २००२ च्या संहितेनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत तीस तासांचे पुढील शिक्षण घ्यायचे असते. हे तास बहुतेक परिषदांत भरतात, आणि परिषदांत नवी औषधे असतात.

शिकायचेच ठरवले तर दारे आहेत. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्राची एक वर्षाची पदविका घरबसल्या करता येते. त्याहून जवळचे दार मुंबईत उघडले. १९९२ च्या सुमारास महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या निवडणुकीत काही डॉक्टरांनी नीतीच्या मुद्द्यावर पॅनेल उभे केले. पॅनेल पडले. हरलेल्यांनी मग 'फोरम फॉर मेडिकल एथिक्स' काढला आणि १९९३ पासून एक नियतकालिक चालवले, तेच आजचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'. डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी, डॉ. संजय नगरल अशी माणसे त्यामागे उभी राहिली. अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि त्यांतल्या केसेस मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या वॉर्डातल्या, झारखंडातल्या, नसबंदी शिबिरातल्या असतात. परदेशी पाठ्यपुस्तक हाती घेण्याआधी या केसेस वाचाव्यात.

परदेशी पाठ्यपुस्तकातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. बीचम आणि चिल्ड्रेस यांची १९७९ ची चार तत्त्वे सगळीकडे शिकवतात : रुग्णाची स्वायत्तता, भले करणे, बुरे न करणे, न्याय. पाठ करायला सोपी, कॉटपाशी उभे राहून वापरायला अवघड. त्यानंतर तीन वर्षांनी जॉन्सन, सीगलर आणि विन्स्लेड या तिघांनी कामाची युक्ती दिली. कागदावर चार चौकोन काढायचे. पहिल्यात आजार आणि उपचार : काय झालेय, कशाने किती गुण येईल. दुसऱ्यात रुग्णाला स्वतःला काय हवे. तिसऱ्यात उपचारानंतरचे जगणे कसे असेल. चौथ्यात बाकी सगळे : कुटुंब, पैसा, कायदा, धर्म, पोलीस, रुग्णालयाची अडचण. लेखकांनी हा चौथा चौकोन शेवटी ठेवला. आपल्याकडे तो दारातूनच भरून येतो. पेशंट बोलायच्या आधी मामा, सरपंच, कुणाचा तरी फोन आणि 'किती खर्च येईल' एवढे सगळे बोलून झालेले असते, आणि दुसरा चौकोन कोराच राहतो.

यवतमाळ जिल्ह्यात ही युक्ती कशी लागू पडते, हे बघायला फवारणीची केस घ्यावी. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली, सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत दिली आणि विशेष तपास पथक नेमले. बातम्या थांबल्या तरी पेशंट दर खरिपात येतातच. समजा, संध्याकाळी एक मजूर आणला आहे. कपड्यांना औषधाचा उग्र वास, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस. पहिला चौकोन स्वच्छ आहे : कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, श्वास सांभाळा, अ‍ॅट्रोपिन सुरू करा. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले असेल तर बाहुल्यांकडे फार न बघता छाती कोरडी होईपर्यंत डोस वाढवा. इथे नीतीचा प्रश्न नाही, हात चालले पाहिजेत.

प्रश्न पुढच्या ओळीत येतो, हिस्टरी लिहिताना. फवारताना नाका-कातडीतून गेले, की प्यायला? शेतमालक शेजारीच उभा असतो आणि म्हणतो, "प्यायला साहेब, घरी भांडण झालं होतं." फवारताना झाले असे निघाले, तर हातमोजे का दिले नाहीत हे विचारले जाईल, हे त्याला कळते. कधी उलटेही होते. माणूस खरेच प्यायलेला असतो आणि बायको डोळ्यांत पाणी आणून सांगते की फवारतानाच झाले, कारण आत्महत्येचा शिक्का नको असतो. यात पैसाही गुंतलेला असतो. शेतकरी आत्महत्येला मिळणारी एक लाखाची मदत सातबारा आणि कर्ज यांच्या निकषांत बसावी लागते. मजुराच्या नावावर सातबाराच नसतो. म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरने घाईत लिहिलेल्या एका शब्दावर एखाद्या घराचे पुढचे वर्ष अवलंबून राहते.

अशा वेळी जो हा विषय शिकला आहे, तो काय वेगळे करतो? दिसायला फारच थोडे. माहिती कुणी दिली ते तो लिहितो : 'सोबत आलेल्या शेतमालकाच्या सांगण्यानुसार'. स्वतःला जे ठाऊक नाही ते स्वतःच्या शब्दांत लिहीत नाही. एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, करतो, पोलिसांना कळवतो, कारण ते कर्तव्यच आहे, पण निष्कर्ष काढायचे काम पोलिसांकडेच ठेवतो. आणि दोन दिवसांनी पेशंट बोलायला लागला की नातेवाइकांना चहाला पाठवून त्याला एकट्याला विचारतो. प्यायला असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ त्याच्या मागे उभे आहे : असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, मदत करायची. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सरसकट गुन्हाच उरलेला नाही. हे पेशंटला सांगितले, की तो बहुतेक वेळा खरे बोलतो. दुसरा चौकोन असा उशिरा, पण भरतो.

गुपिताची गोष्ट याहून नाजूक आहे. विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, आदिवासी आणि अनुसूचित जातींत विशेष. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, २०४७ चे लक्ष्य ठेवले गेले, गावोगाव तपासण्या वाढल्या. तपासण्या वाढल्या तशी माहितीही वाढली, आणि तालुक्याच्या गावात माहिती बंद लिफाफ्यात राहत नाही. मुलीचे लग्न ठरते. मुलाकडचा कुणीतरी लॅब टेक्निशियनच्या ओळखीचा निघतो. "रिपोर्टमध्ये काय आलं होतं रे?" एवढेच विचारतो. टेक्निशियनला वाटते, खरे सांगणे हेच नीतीचे, एक आयुष्य वाचेल.

इथे १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' हा निकाल आठवतो. त्यात एका पुरुषाचा एचआयव्ही अहवाल बाहेर गेल्याने लग्न मोडले, आणि वधूच्या जिवाला धोका होता म्हणून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. मग सिकलसेललाही तेच लावायचे का? नाही, आणि कारण विज्ञानात आहे. वाहक मुलगी सहसा निरोगी असते. तिच्यामुळे नवऱ्याला काहीही होत नाही. धोका असतो तो होणाऱ्या बाळाला, तोही दोघे वाहक असतील तरच, आणि तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता. म्हणजे मुलीचा अहवाल मुलाकडच्यांना सांगून काही वाचत नाही. मुलाने स्वतःची तपासणी करून घेतली तर वाचते. टेक्निशियनचे योग्य उत्तर असे : "तिचा रिपोर्ट मी सांगणार नाही. पोराला सोमवारी घेऊन या, त्याचीही तपासणी करू." हे वाक्य तोंडी बसायला सराव लागतो. सांगितल्यामुळे काय टळेल, कुणाचे, आणि दुसरा मार्ग आहे का, ही विचारायची सवय अभ्यासातूनच लागते. शिवाय समाज एवढा समजूतदार नाही. वाहक मुलीचे लग्न मोडते, वाहक मुलाचे क्वचितच.

अठरा पूर्ण न झालेली मुलगी गर्भपातासाठी आली तर कायदा आणि गुपित समोरासमोर उभे राहतात. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक, आणि कळवणार म्हटले की मुलगी भोंदूकडे जाणार. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली : मुलीची आणि पालकांची विनंती असेल, तर पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. ही एक ओळ प्रत्येक प्रसूतिगृहाच्या ड्युटी रूममध्ये चिकटवून ठेवण्यासारखी आहे.

संमतीबद्दल थोडक्यात. फॉर्मवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे २००८ च्या समीरा कोहली खटल्याने ठरवून दिले : तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला पुरत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला तो याच धाग्याने. उमरखेडला त्यात भाषेची भर. बंजारा तांड्यावरची आजी गोरमाटी बोलते, पेठेतली बाई उर्दूमिश्रित हिंदी, डॉक्टर पुण्याचा. मध्ये दुभाषी कोण? बहुधा मुलगा किंवा नवरा, म्हणजे ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे असा माणूस. त्याच तांड्यावरची आशाताई बोलावली, तर आजी निदान उलट प्रश्न विचारते.

चूक झाल्यावर काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात असतो, पण रुग्णालयात त्यावर बोलायची पद्धत नसते. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात बूथवर बारा बालकांना पोलिओ डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावे लागले. मुले बचावली. कारवाई झाली, जबाबदार धरलेले कर्मचारी निलंबित झाले. कारवाई नको होती, असे कुणी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळे आहेत. बूथवर सॅनिटायझर आणि लस एकाच टेबलावर का? उघडण्यापूर्वी लेबल मोठ्याने वाचायची सवय कुणाला आहे? आणि सगळ्यात अवघड : चूक लक्षात आल्याक्षणी आईबापांना कुणी, किती वेळात, कुठल्या शब्दांत सांगायचे? कबूल केले की नोकरी जाते, एवढाच धडा मिळत असेल, तर पुढची चूक उघडकीलाच येणार नाही.

उमरखेडला हा विषय सावधपणेच बोलावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या सरकारी रुग्णालयातल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याची गावात गोळ्या झाडून हत्या झाली. २०१९ मध्ये अपघातात गेलेल्या तरुणाच्या मृत्यूचा राग त्यामागे असल्याचे पोलीस तपासातून पुढे आले. त्या डॉक्टरचे काही चुकले होते, असे यातून कुणी वाचू नये. खुनाला कारण शोधायचे नसते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० पासून आहे, पण तो हल्ला झाल्यानंतर कामाला येतो. मृत्यूची बातमी देणे हे कौशल्य आहे, ते शिकवता येते, हे कर्करोग आणि उपशामक उपचार करणाऱ्यांनी दाखवले आहे : बसून बोला, आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा, 'मृत्यू' हा शब्द टाळू नका, मग गप्प राहा. कॅज्युअल्टीत एका डॉक्टरमागे तीस पेशंट असताना बसायला खुर्ची तरी कुठली, असे कुणी म्हणाले तर तेही खरेच. मनुष्यबळाची टंचाई हाही नीतीचाच प्रश्न आहे. फक्त तो डॉक्टरच्या अंगावर टाकून मोकळे होता येत नाही.

काम सांभाळून शिकायचे कसे? पदविका चांगलीच, पण तिच्याशिवायही चालते. जिल्ह्यात माता मृत्यू अन्वेषणाची बैठक ठरलेली असते. तिथे बहुतेक वेळ कुणाकडून राहिले, हे ठरवण्यात जातो. त्याच टेबलावर महिन्याला एक केस, नाव झाकून, चार चौकोनांत मांडली तर वेगळे बजेट लागत नाही. अट एकच : डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, वॉर्डबॉय सगळे बसावेत. पेशंटने रात्री दोन वाजता वॉर्डबॉयला जे सांगितलेले असते, ते सकाळच्या राउंडला कुणालाच ठाऊक नसते.

पहिली केस कुठली घ्यावी, असे विचाराल तर 'घरी नेतो' ही घ्या. म्हातारा सीरियस आहे, नांदेडला न्यायला हवे, आणि मुले सही करून घरी नेतात. फाइलवर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' पडते. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शिक्क्याखाली दडलेल्या असतात. पैसे संपले म्हणून नेणे एक, अशा वेळी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा कागद कुणी पुढे केला होता का, हे बघायला हवे. मुले कंटाळली म्हणून नेणे दुसरे. आणि म्हाताऱ्यालाच नळ्या नको, ओसरीवर मरायचे आहे, हे तिसरे. या तिसऱ्या इच्छेला आता कायद्याचा आधार आहे. केईएममध्ये ४२ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानभाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये त्याची सुरुवात झाली, २०१८ मध्ये उपचारांबद्दलच्या आगाऊ इच्छापत्राला मान्यता मिळाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते सोपे केले : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. स्थानिक संस्थेने ते सांभाळायला एक अधिकारी नेमायचा असतो. उमरखेडला नगर परिषद आहे, नोटरी आहेत. बैठकीत पहिल्या महिन्याला एवढेच तपासावे की नगर परिषदेत हे इच्छापत्र घेऊन गेले तर कुठल्या टेबलावर द्यायचे, आणि घरी नेलेल्या म्हाताऱ्याच्या दुखण्यावर मॉर्फिनची गोळी लागली, तर ती मिळणारे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते.